‘अभिलेखागारशास्त्र’ म्हणजे नेमके कशाचे शास्त्र, आणि ही संज्ञा आली कुठून?

शब्दयात्री

नमस्कार. कागदपत्रांचे जतन आणि व्यवस्था या विषयावरील एका पाठ्यपुस्तकाच्या अनुवादाचे काम सध्या माझ्याकडे आहे. मूळ पुस्तकात ‘आर्काइव्हल सायन्स’ ही संज्ञा जवळजवळ प्रत्येक प्रकरणात येते आणि काही ठिकाणी तिच्याऐवजी ‘आर्काइव्हिस्टिक्स’ असेही म्हटलेले आहे. मराठीत मला अभिलेखागारशास्त्र, अभिलेखशास्त्र, पुराभिलेखशास्त्र आणि दप्तरविद्या असे पर्याय सुचवण्यात आले. पण त्यांपैकी कोणताही निवडायचा म्हटला, तरी ज्या विषयाचे हे नाव आहे तो विषय नेमका कशाचा अभ्यास करतो हे आधी ठरवावे लागेल, असे वाटते. हा अभ्यास कागद ठेवण्याच्या जागेचा आहे, कागदांचा आहे, की ते लावण्याच्या पद्धतीचा? जुनेपणा ही त्यातील अट आहे का? ग्रंथालयशास्त्राचीच ही एक शाखा आहे असे काही जण म्हणतात, ते कितपत खरे आहे?

आणखी एक अडचण अशी की ‘पुराभिलेख’ हा शब्द काही जण शिलालेख आणि ताम्रपट वाचण्याच्या विद्येसाठी वापरतात, तर शासनव्यवहारात तोच शब्द जुन्या सरकारी कागदपत्रांसाठी रूढ आहे. मूळ संज्ञेचा उगम आणि तिच्यामागची कल्पना कोणी सविस्तर सांगितली, तर निवड करणे सोपे जाईल.

दप्तरबंद

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शब्दाच्या उगमातच बरेचसे दडलेले आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ‘आर्काइव्ह’ हा शब्द ग्रीक ‘आर्खेइऑन’पासून आला आहे. ‘आर्खे’ म्हणजे आरंभ आणि सत्ता असे दोन्ही अर्थ ग्रीकमध्ये आहेत. ‘आर्खोन’ म्हणजे सत्ताधारी, दंडाधिकारी. आणि ‘आर्खेइऑन’ म्हणजे त्या अधिकाऱ्याचे कार्यस्थान. म्हणजे मुळात हा शब्द कागदांसाठी नव्हता आणि जुनेपणासाठी तर नव्हताच, कचेरीसाठी होता. कचेरीत कागद राहतात म्हणून पुढे कागद ठेवण्याच्या जागेला आणि शेवटी त्या कागदांनाही तेच नाव पडले. ग्रीकमधून हा शब्द लॅटिनमध्ये ‘आर्कीव्हुम’ होऊन गेला आणि तेथून फ्रेंच, इटालियन, जर्मन, इंग्रजी अशा भाषांत पसरला. गंमत अशी की रोमन लोकांचा स्वतःचा शब्द वेगळाच होता. लाकडी पाट्यांवर, म्हणजे ‘ताबुला’वर, नोंदी होत म्हणून त्यांनी त्या जागेला ‘ताबुलारियम’ म्हटले, आणि त्या नावाची इ.स.पू. ७८ मधील इमारत रोमच्या फोरमच्या टोकाशी अजून अंशतः उभी आहे.

कचेरी हा मूळ अर्थ लक्षात ठेवला, की या शास्त्राचा पुढचा इतिहास नीट उलगडतो. रोमन कायद्याच्या परंपरेत सार्वजनिक अधिकाराखालील जागी ठेवलेल्या दस्तऐवजाला विश्वासार्हतेचे वजन मिळे. कागद खरा मानायचा तो त्याच्यात काय लिहिले आहे एवढ्यावरून नव्हे, तर तो कोणाच्या ताब्यात आणि किती अखंडपणे राहिला यावरून. ‘ताब्याची अखंडता’ ही कल्पना आजही या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. ब्रिटिश अभिलेखपाल, म्हणजे आर्काइव्हिस्ट, हिलरी जेन्किन्सन यांनी १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मार्गदर्शिकेत तिच्यावरच सर्वाधिक भर दिला.

शास्त्र म्हणून या विषयाची जडणघडण मात्र एका वादातून झाली. १६७५ मध्ये डॅनिएल पापेब्रोख या जेझुइट विद्वानाने जुन्या फ्रँकिश राजांच्या नावावर असलेल्या अनेक सनदांच्या खरेपणावर शंका घेतली. त्या सनदा ज्यांच्या मठांत होत्या, त्या बेनेडिक्टिन पंथातील झाँ माबियाँ यांनी १६८१ मध्ये लॅटिन ग्रंथ लिहून त्याला उत्तर दिले. पण ते उत्तर नुसते बचावाचे नव्हते. कागद कोणता, शाई कशी, अक्षराचे वळण कोणत्या काळाचे, मजकुराची सुरुवात आणि समाप्ती ठरावीक रीतीने आहे का, शिक्का कोठे आहे, साक्षीदार कोण आहेत, या सगळ्यांवरून दस्तऐवजाचा खरेपणा तपासण्याची पद्धतच त्यांनी मांडली. तिला पुढे ‘डिप्लोमॅटिक्स’ असे नाव पडले. ‘डिप्लोमा’ म्हणजे दुमडलेला लेख. मुत्सद्देगिरीसाठीचा ‘डिप्लोमसी’ हा शब्दही त्याच मुळापासून निघाला, पण या विद्येचा मुत्सद्देगिरीशी संबंध नाही. अनुवादात येथे हमखास घोटाळा होतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मात्र माबियाँची विद्या एका सुट्या दस्तऐवजाची होती. हजारो दस्तऐवज एकत्र असतील तर त्यांचे काय करायचे, हा प्रश्न निराळा आहे, आणि अभिलेखागारशास्त्र त्या प्रश्नातून उभे राहिले. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर राजदरबार, मठ, न्यायालये यांचे प्रचंड दप्तर एकदम राष्ट्राच्या ताब्यात आले. सुरुवातीला त्यातील पुष्कळ कागद विषयवार लावण्यात आले: इतिहासाचे एकीकडे, जमिनीचे दुसरीकडे, न्यायाचे तिसरीकडे. ते दिसायला सोयीचे वाटले तरी त्यात एक मोठे नुकसान झाले. एका कार्यालयात एकाच कामाच्या ओघात निर्माण झालेले कागद वेगवेगळ्या खान्यांत गेले आणि त्यांचा आपसातील धागा तुटला. नाताली द वायी यांनी तयार केलेल्या २४ एप्रिल १८४१ च्या फ्रेंच परिपत्रकाने यावर उपाय सांगितला: एका संस्थेकडून, कुटुंबाकडून किंवा व्यक्तीकडून आलेले सर्व कागद एकत्र ठेवावेत आणि ते दुसऱ्यांच्या कागदांत मिसळू नयेत. अशा समूहाला फ्रेंचमध्ये ‘फों’ म्हणतात आणि या नियमाला ‘फोंचा मान राखणे’. १८८१ मध्ये प्रशियाच्या राज्य अभिलेखागाराने हेच तत्त्व आणखी पुढे नेले. कागद ज्या कार्यालयातून आले त्यानुसार वेगळे ठेवायचेच, शिवाय त्या कार्यालयाने स्वतः लावलेला आतला क्रमही मोडायचा नाही.

यानंतर नेदरलँड्समध्ये १८९८ साली मुलर, फेइट आणि फ्रुइन या तिघांनी १०० नियमांची मार्गदर्शिका लिहिली, आणि या विषयाला ‘शास्त्र’ म्हणण्याइतका आधार खऱ्या अर्थाने तेथे मिळाला. तिचा पहिलाच नियम व्याख्येचा आहे. तिचा आशय असा की एखाद्या प्रशासकीय संस्थेने किंवा तिच्या अधिकाऱ्याने अधिकृतपणे स्वीकारलेले किंवा तयार केलेले, आणि त्या संस्थेच्या ताब्यातच राहावेत असा हेतू असलेले सर्व लेख, रेखाटने आणि छापील कागद मिळून अभिलेखसंग्रह होतो. या व्याख्येत ‘जुने’ हा शब्द नाही, हे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समजा.

पोथीनिष्ठ

वरील विवेचन उत्तम आहे. ग्रंथालयशास्त्राविषयीच्या प्रश्नाला मात्र स्वतंत्र उत्तर हवे, कारण ‘शाखा’ हा समज फार पसरलेला आहे.

ग्रंथालयातले पुस्तक स्वतःपुरते पूर्ण असते. त्याच्या शेकडो प्रती असतात, त्याचा विषय ठरवता येतो आणि त्या विषयाच्या अंकाखाली ते फळीवर ठेवता येते. १८७६ मधील ड्यूईची दशांश पद्धत काय किंवा १९३३ मधील रंगनाथन यांची द्विबिंदू पद्धत काय, दोन्ही या गृहीतकावरच उभ्या आहेत. कार्यालयीन कागद तसा नसतो. समजा, एका नस्तीत पाणीपुरवठ्याच्या नळाविषयीचे एका अभियंत्याचे पत्र आहे. त्याच्या समासात कारकुनाने आवक क्रमांक आणि तारीख टाकली आहे; खाली वरिष्ठाने ‘कृपया बोलावे’ एवढेच लिहून आद्याक्षरी केली आहे; पुढच्या पानावर खर्चाची टिपणी आहे; आणि त्यानंतर चार महिन्यांनी गेलेल्या जावक पत्राची कार्यालयीन प्रत आहे. यातील अभियंत्याचे पत्र उचलून ‘जलव्यवस्था’ या विषयाच्या पेटीत ठेवले, तर पत्रातला मजकूर शिल्लक राहतो. पण वरिष्ठाने ते केव्हा पाहिले, उत्तराला चार महिने का लागले आणि निर्णय कोणाचा होता, हे सारे पुसले जाते. पुस्तकाचा अर्थ पुस्तकात असतो. कागदाचा अर्थ मात्र बराचसा त्याच्या आगेमागे असलेल्या कागदांत असतो.

इटालियन अभ्यासक जॉर्जो चेंचेत्ती यांनी या संबंधाला ‘अभिलेखांचा बंध’ अशा अर्थाची संज्ञा दिली. माझ्या मते या शास्त्राचा खरा विषय हा बंधच आहे. कागद आणि इमारत त्यामागून येतात. म्हणून हा विषय ग्रंथालयशास्त्राच्या पोटात घालणे मला पटत नाही. अनेक विद्यापीठांत दोन्ही एकाच विभागात शिकवतात, ती प्रशासकीय सोय आहे.

नस्तीकार

मी मराठी शब्दांकडे वळतो, कारण मूळ प्रश्न निवडीचा आहे आणि तेथे काही गोष्टी स्पष्ट करायला हव्यात.

‘अभिलेख’ हा शब्द आपण सरकारी परिभाषेसाठी नव्याने घडवला असा अनेकांचा समज असतो, पण त्याची मुळे जुनी आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात राजाने भूमिदान केल्यावर काय करावे हे सांगताना, कापडावर किंवा ताम्रपटावर आपले पूर्वज आणि स्वतःला ‘अभिलेख्य’, म्हणजे नोंदवून, आपल्या मुद्रेने चिन्हित असे शासन करून द्यावे, असे म्हटले आहे. हे स्थळ मला फार बोलके वाटते. तेथे लिहिणे, अधिकार आणि मुद्रा या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आहेत, आणि भावी राजांना कळावे म्हणून हे करायचे असा हेतूही तेथेच सांगितला आहे. ताम्रपट वाचणारा आणि दप्तर लावणारा हे दोघेही आपल्या विद्येसाठी ‘अभिलेख’ या शब्दावर हक्क सांगतात, तो या सामाईक पूर्वजामुळे. शब्दयात्री यांना जो गोंधळ जाणवला तो त्यामुळे कोणाच्या निष्काळजीपणाचा नाही.

तरीही आज दोन विषय वेगळे ठेवावेच लागतात. दगड, धातू अशा टिकाऊ पृष्ठभागांवरील लेखांचा अभ्यास करणारी विद्या निराळी आणि संस्थांच्या कामकाजातून निर्माण झालेल्या दस्तऐवजांच्या व्यवस्थेचे शास्त्र निराळे. दिल्लीच्या राष्ट्रीय संस्थेचे अधिकृत नाव ‘राष्ट्रीय अभिलेखागार’ असे आहे. ती १८९१ मध्ये कलकत्त्यात ‘इम्पीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट’ म्हणून सुरू झाली. महाराष्ट्र शासनाने ‘पुराभिलेख संचालनालय’ असे नाव स्वीकारले. मला ‘पुरा’ हा उपसर्ग खटकतो, आणि त्याचे कारण वर दप्तरबंद यांनी दिलेच आहे: अभिलेख जुना होईपर्यंत वाट पाहणे या शास्त्राला मान्य नाही. कोणता कागद कायम ठेवायचा आणि कोणता ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायचा हा निर्णय कागद चालू असतानाच घ्यावा लागतो. अमेरिकी अभिलेखपाल थिओडोर शेलेनबर्ग यांनी १९५६ मधील ग्रंथात कागदाचे मूल्य दोन प्रकारचे असते असे मांडले: ज्या कामासाठी तो तयार झाला त्यासाठीचे आणि ते काम संपल्यावर इतरांसाठी उरणारे. मोठ्या सरकारी यंत्रणा कागदांचे डोंगर उभे करत असताना निवड टाळता येत नाही, हे त्यांचे म्हणणे होते. जेन्किन्सन यांना मात्र ही निवड अभिलेखपालाने करणे मान्य नव्हते. ती कागद निर्माण करणाऱ्या कार्यालयानेच करावी, असे ते मानत. हा वाद पुढे अनेक दशके चालला आणि माझ्या मते तो शेलेनबर्ग यांच्या बाजूने सुटला, निदान व्यवहारात तरी.

‘दप्तर’ हा शब्द मात्र कोणी हलका समजू नये. तो आपल्याकडे फारसीतून आला, आणि फारसीत तो मुळात ग्रीक ‘डिफ्थेरा’पासून, म्हणजे कमावलेल्या कातड्याच्या नावावरून आला. इतिहासकार हिरोडोटस लिहितो की आयोनियन ग्रीक लोक पपायरसच्या गुंडाळ्यांनाही ‘कातडी’च म्हणत, कारण एके काळी पपायरसच्या टंचाईत ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यांवर लिहीत असत. म्हणजे ‘आर्काइव्ह’ आणि ‘दप्तर’ हे दोन्ही शब्द ग्रीकांकडून निघाले, एक पश्चिमेकडून फिरून आला आणि एक इराणमार्गे. कचेरीवरून कागदाकडे गेलेला तो पहिला, आणि लिहिण्याच्या कातड्यावरून कचेरीकडे आलेला हा दुसरा. मराठीने तर त्याला मुलांच्या पाठीवरही नेले. ‘अर्ज दप्तरी दाखल केला’ याचा आपल्याकडे ‘विषय मिटवला’ असा अर्थ होतो. अभिलेखपालाच्या दृष्टीने त्याचे काम तेथून पुढे सुरू होते, एवढा फरक आहे. ‘दप्तरविद्या’ हे नाव मला म्हणूनच आवडते, पण आजच्या वाचकाला त्यात दप्तरदिरंगाईच आधी ऐकू येईल, आणि पाठ्यपुस्तकाच्या शीर्षकावर तो धोका पत्करू नये.

शब्दयात्री

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका उरल्या आहेत. ‘आर्काइव्हल सायन्स’ आणि ‘आर्काइव्हिस्टिक्स’ या दोहोंत काही भेद राखायचा का? आणि ‘फों’साठी मराठीत काय लिहावे? ‘संग्रह’ लिहिले की मूळ लेखकाने आवर्जून जो फरक केला आहे तोच हरवतो, कारण त्यांच्या मते संग्रह हा कोणीतरी निवडून गोळा केलेला असतो, तर फों हा कामाच्या ओघात आपोआप साचलेला असतो.

दप्तरबंद

पहिल्या शंकेबाबत: युरोपातील बऱ्याच भाषांत या विषयासाठी एकच शब्द आहे. इटालियन आणि स्पॅनिशमध्ये ‘आर्किव्हिस्तिका’च्या जवळचे रूप आहे, फ्रेंचमध्ये ‘आर्शिव्हिस्तिक’, जर्मनमध्ये ‘आर्काइव्हविसेनशाफ्ट’. लॅटिन अमेरिकेतील काही देशांत ‘आर्किव्होलोहिया’ हे रूपही चालते. इंग्रजीत मात्र फार काळ ‘प्रशासन’ किंवा ‘व्यवस्थापन’ असेच शब्द प्रचारात होते. जेन्किन्सन यांच्या पुस्तकाच्या नावातही ‘प्रशासन’ आहे. ‘सायन्स’ हा शब्द इंग्रजीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला आणि त्या नावाचे संशोधननियतकालिक २००१ मध्ये सुरू झाले. युरोपीय परंपरेतील एरिक केटेलार यांच्यासारख्या डच अभ्यासकांनी इंग्रजीत लिहिताना ‘आर्काइव्हिस्टिक्स’ हे रूप वापरले. अर्थाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. फरक आहे तो परंपरेचा. आपल्या मूळ लेखकाने दोन्ही रूपे अदलूनबदलून वापरली असतील, तर मराठीत दोन शब्द योजून नसलेला भेद निर्माण करू नये. त्याने ते दोन परंपरा दाखवण्यासाठी मुद्दाम वापरले असतील, तर ‘आर्काइव्हिस्टिक्स’ पहिल्यांदा येईल तेथे ‘युरोपीय परंपरेतील अभिलेखागारशास्त्र’ असे वर्णन करून पुढे जावे.

मी स्वतः ‘अभिलेखागारशास्त्र’ हा शब्द स्वीकारतो. त्यातील ‘आगार’ हा अंश इमारतीकडे बोट दाखवतो हे खरे, पण तोच अंश शिलालेखांच्या विद्येपासून त्याला वेगळे ठेवतो, आणि उगमातल्या ‘कचेरी’शीही त्याचे नाते राहते.

पोथीनिष्ठ

‘फों’साठी ‘अभिलेखसमूह’ हा शब्द चालेल असे वाटते, मात्र पहिल्या उल्लेखात ‘एका संस्थेच्या किंवा व्यक्तीच्या कामकाजातून साचत गेलेला’ असे विशेषण जोडावे. ‘संग्रह’ हा शब्द मुद्दाम गोळा केलेल्यासाठी राखून ठेवावा. एखाद्या शौकीन माणसाने वेगवेगळ्या ठिकाणांहून विकत घेतलेली पत्रे हा संग्रह होय, समूह नव्हे.

आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेने १९९४ मध्ये अभिलेखांच्या वर्णनाचे जे मानक काढले, त्यातही वर्णन समूहापासून सुरू होते, मग मालिका (एकाच प्रकारच्या कामाच्या नस्त्यांची रांग), मग नस्ती, म्हणजे फाइल, आणि शेवटी सुटा दस्तऐवज अशा क्रमाने खाली उतरते. वरच्या पातळीवर सांगितलेली माहिती खाली पुन्हा सांगायची नसते. आपल्या पुस्तकात या पातळ्या येत असतील, तर चारही शब्द सुरुवातीलाच ठरवून घ्यावेत, नाहीतर ‘मालिका’ आणि ‘समूह’ यांची पुढे अदलाबदल होत राहते.

नस्तीकार

‘अभिलेखसमूह’ला माझी संमती आहे, पण एक सावधगिरी सुचवतो. ऑस्ट्रेलियातील पीटर स्कॉट यांनी १९६६ मध्ये समूहाच्या कल्पनेवरच हरकत घेतली होती. सरकारी खाती सतत विलीन होतात, त्यांची नावे बदलतात, एकाच नोंदवहीत तीन खात्यांनी एकामागून एक लिहिलेले असते; अशा वेळी ती नोंदवही कोणाच्या समूहात घालायची? त्यांनी समूहाऐवजी मालिका हाच मूळ घटक मानला आणि एका मालिकेचा अनेक खात्यांशी असलेला संबंध स्वतंत्रपणे नोंदवण्याची पद्धत बसवली. संगणकावर निर्माण होणाऱ्या नोंदींना हीच पद्धत जास्त मानवते, कारण तेथे एकच नोंद एका वेळी अनेक कार्यालयांच्या कामाचा भाग असते. आपल्या पुस्तकात ऑस्ट्रेलियन पद्धतीचे प्रकरण असेल, तर तेथे ‘समूह’ हा शब्द सरसकट घालू नये. लेखक बहुधा तो शब्द टाळतच असेल, आणि त्याचे टाळणे अनुवादातही दिसले पाहिजे.